व्यवसायासाठी सर्व्हर आणि एचपीसी क्लस्टर (उच्च-क्षमता गणनेसाठी एकत्र जोडलेले सर्व्हर) घेताना : कामाच्या मोजमापापासून स्वीकृती चाचणीपर्यंत

पाच-सहा वर्षांपूर्वीचे मागणीपत्रक काढायचे, त्यातले आकडे थोडे वाढवायचे आणि पुरवठादारांकडे पाठवून द्यायचे, ही सर्व्हर खरेदीची जुनी पद्धत आता धोक्याची झाली आहे. २०१९ मध्ये एक्स८६ (इंटेल आणि एएमडी वापरतात त्या रचनेच्या) सर्व्हर प्रोसेसरमध्ये ६४ कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणना-घटक) ही मोठी मजल मानली जात होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या एएमडीच्या एपिक ९००५ मालिकेत ही संख्या १९२ वर पोहोचली, आणि इंटेलच्या झिऑन ६ मालिकेत पूर्ण क्षमतेचे १२८ कोअर एकाच प्रोसेसरमध्ये मिळू लागले. मात्र या वरच्या टोकाच्या प्रोसेसरांची वीज-मर्यादाही ५०० वॅटपर्यंत गेली आहे. त्यामुळे किती कोअर घ्यावेत याआधी, घेतलेल्या कोअरना पुरेशी माहिती, वीज आणि थंडावा पुरवता येईल का, याचे उत्तर शोधावे लागते. पुढील सर्व पायऱ्या याच प्रश्नाभोवती मांडल्या आहेत आणि त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये.

पायरी १ : कामाची यादी करा

कोणतेही कोटेशन मागवण्याआधी, या यंत्रावर कोणते प्रोग्राम चालणार आहेत, प्रत्येक काम आज किती वेळ घेते, एका वेळी किती कामे चालतात आणि निकाल कधीपर्यंत हाती यावा लागतो, हे लिहून काढावे. बहुतेक कामे तीन गटांत बसतात. पहिल्या गटात एकमेकांशी संबंध नसलेली असंख्य छोटी कामे येतात. वित्तीय जोखमीची मॉन्टे कार्लो गणिते, चलचित्रांचे रेंडरिंग किंवा जनुकीय नमुन्यांचे विश्लेषण ही त्याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या गटात एकच मोठे काम अनेक यंत्रांवर वाटले जाते आणि त्याच्या तुकड्यांना क्षणोक्षणी एकमेकांशी बोलावे लागते. हवा-पाण्याच्या प्रवाहाचे गणित, वाहनांच्या टकरीचे सिम्युलेशन, हवामानाचे प्रारूप ही कामे अशी असतात. तिसऱ्या गटात डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन आणि कार्यालयीन प्रणाली येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांचे प्रशिक्षण स्वभावाने दुसऱ्या गटाच्या जवळ जाते, तर तयार प्रारूप वापरून उत्तरे देण्याचे काम बऱ्याचदा पहिल्या गटासारखे वागते.

पहिल्या गटासाठी महागडे नेटवर्क घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय, आणि दुसऱ्या गटासाठी ते टाळणे म्हणजे उरलेली सगळी खरेदी वाया घालवणे होय. ही यादी नीट झाली नाही, तर पुढची कोणतीही पायरी अंदाजाचीच राहते.

पायरी २ : सध्याच्या यंत्रावर मोजा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण प्रत्यक्षात तिलाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. आपला प्रोग्राम कशासाठी खोळंबतो हे कळण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दोन साध्या प्रयोगांतून बरेच काही उमगते.

पहिल्या प्रयोगात तेच काम त्याच सर्व्हरवर निम्म्या कोअरवर चालवावे, मात्र हे निम्मे कोअर दोन्ही प्रोसेसरांवर आणि त्यांच्या सर्व भागांवर सारखे पसरलेले असावेत. काम जवळपास तेवढ्याच वेळात संपले, तर अडचण कोअरची नसून बहुधा मेमरीच्या वेगाची आहे, किंवा प्रोग्रामच जास्त कोअर वापरू शकत नाही. दुसऱ्या प्रयोगात प्रोसेसरची कमाल गती सुमारे २० टक्क्यांनी खाली बांधून तेच काम पुन्हा चालवावे. वेळ त्याच प्रमाणात वाढला तर काम खरोखर गणनेवर अडलेले आहे. फारसा वाढला नाही तर ते मेमरी, डिस्क किंवा नेटवर्कची वाट पाहत बसलेले आहे. याच्या जोडीला लिनक्समधील परफ (प्रोसेसरसाठी), न्यूमास्टॅट (मेमरीसाठी) आणि आयओस्टॅट (डिस्कसाठी) या साधनांनी घेतलेली काही दिवसांची नोंद पुरेशी ठरते. ही नोंद नेहमीच्या कामाच्या दिवसांतली असावी आणि तीत महिनाअखेरीसारखा गर्दीचा काळही यावा.

कोअर वाढवण्याला गणिती मर्यादाही आहे. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, एखाद्या प्रोग्रामचा ९५ टक्के भाग समांतर चालत असेल आणि ५ टक्के भाग एकामागून एकच चालत असेल, तर ६४ कोअरवर त्याचा वेग जास्तीत जास्त सुमारे १५.४ पट होतो, आणि कोअर कितीही वाढवले तरी तो २० पटीच्या पुढे जात नाही. अशा प्रोग्रामसाठी १९२ कोअरपेक्षा कमी पण जास्त गतीचे कोअर घेणे शहाणपणाचे असते. एका कामाला वेग मिळत नसला तरी मोठ्या प्रोसेसरवर तशी अनेक कामे शेजारी-शेजारी चालवता येतात हेही खरे आहे, म्हणून पहिल्या पायरीतली यादी पुन्हा समोर ठेवावी.

जाहिरातीतल्या वेगाचे आकडे किती फसवे असू शकतात याचे उत्तम उदाहरण जगातील मोठ्या महासंगणकांमध्ये सापडते. अमेरिकेतील फ्रंटियर या संगणकाने २०२२ मध्ये लिनपॅक या निव्वळ गणनेच्या चाचणीत १.१ एक्झाफ्लॉपचा, म्हणजे १,१०० पेटाफ्लॉपचा टप्पा गाठला (फ्लॉप हे सेकंदाला होणाऱ्या गणितांचे माप आहे). मात्र मेमरीवर ताण देणाऱ्या एचपीसीजी चाचणीत त्याच यंत्राचा निकाल सुमारे १४ पेटाफ्लॉप, म्हणजे लिनपॅकच्या साधारण १ टक्का एवढाच राहिला. यात यंत्राचा दोष नाही. अभियांत्रिकीतले पुष्कळसे प्रोग्राम दुसऱ्या चाचणीसारखे वागतात, आणि कोटेशनमधला आकडा मात्र बहुधा पहिल्या चाचणीसारखा मोजलेला असतो.

पायरी ३ : स्वतःचे की भाड्याचे, हे ठरवा

आता क्लाउडवरही एचपीसीसाठी घडवलेली यंत्रे मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरमधील एचबीव्ही४ या प्रकारात १७६ कोअर आणि सेकंदाला ४०० गिगाबिट वेगाचे इन्फिनिबँड (सर्व्हरांना फार कमी विलंबाने जोडणारे) जाळे मिळते, तर अॅमेझॉनच्या एचपीसी७ए प्रकारात एका यंत्रात १९२ कोअरपर्यंत मिळतात. निर्णयाचा पाया वापराच्या प्रमाणावर असावा. दोन प्रोसेसर आणि १९२ कोअर असलेला एक सर्व्हर वर्षभरात १६ लाख ८१ हजारांहून अधिक कोअर-तास उपलब्ध करून देतो. तो ७० टक्के वेळ कामात राहिला तर सुमारे ११ लाख ७७ हजार कोअर-तास उपयोगी पडतात, आणि २५ टक्केच राहिला तर जेमतेम ४ लाख २० हजार. खरेदी, वीज, थंडावा, जागा, देखभाल करार आणि व्यवस्थापकाचा वेळ या सर्वांचा पाच वर्षांचा खर्च या उपयोगी कोअर-तासांनी भागावा आणि मग क्लाउडच्या दराशी तुलना करावी.

तुलनेत क्लाउडमधून माहिती बाहेर काढण्याचे शुल्क धरायला विसरू नये. सिम्युलेशनचे निकाल टेराबाइटमध्ये असतील तर हे शुल्क पारडे फिरवू शकते. नेहमीचा भार स्वतःच्या यंत्रांवर आणि वर्षातून काही आठवडे येणारा जादा भार क्लाउडवर, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी व्यवहार्य ठरते. अनिश्चितता असेल तर, माझ्या मते, आधी तीन महिने भाड्याने काम चालवावे. त्यातून दुसऱ्या पायरीचे मोजमापही नव्या पिढीच्या यंत्रावर आपोआप होते.

पायरी ४ : प्रोसेसर निवडा

प्रोसेसरांच्या एकाच मालिकेत आता स्वभावाने वेगळी वाणे असतात. एपिकमध्ये नावाच्या शेवटी एफ असलेले प्रोसेसर कमी कोअर पण जास्त गती देतात. उदाहरणार्थ, ९१७५एफ मध्ये १६ च कोअर आहेत, पण कमाल गती ५ गिगाहर्ट्झ आणि एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ५१२ एमबी आहे. चौथ्या पिढीतील ९६८४एक्स मध्ये एकावर एक रचलेल्या कॅशमुळे एल३ कॅश १,१५२ एमबी होते, आणि प्रवाहाच्या गणितांना तिचा चांगला लाभ होतो. याउलट १९२ कोअरचे दाट प्रोसेसर व्हर्च्युअल मशीन आणि वेब सेवांसाठी योग्य असतात.

कोअरची संख्या ठरवताना सॉफ्टवेअरचे लायसन्स शेजारी ठेवूनच हिशेब करावा. विंडोज सर्व्हरचे लायसन्स कोअरनुसार लागते आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ व प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअरचे घ्यावे लागते. अनेक डेटाबेस आणि सिम्युलेशन पॅकेजेसही कोअर मोजून पैसे घेतात, आणि तिथे हार्डवेअरपेक्षा लायसन्स कितीतरी महाग पडते. अशा वेळी कमी कोअरचा पण जास्त गतीचा प्रोसेसर महाग दिसला तरी एकूण खर्चात स्वस्त ठरतो.

दोन प्रोसेसरांचा सर्व्हर हा आता सवयीचा भाग उरला आहे, गरजेचा असेलच असे नाही. एकाच एपिक प्रोसेसरमधून पीसीआयई ५.० च्या १२८ लेन (जीपीयू, डिस्क, नेटवर्क कार्ड जोडण्याचे मार्ग) मिळतात आणि दोन प्रोसेसरांमधील माहितीच्या ये-जा करण्याने होणारा विलंबही टळतो. एक्स८६ ऐवजी आर्म रचनेचे पर्याय, म्हणजे ७२ कोअरचा एनव्हिडिया ग्रेस किंवा १९२ कोअरपर्यंतचा अॅम्पिअरवन, विजेच्या हिशेबात आकर्षक आहेत. मात्र विकतच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने आर्मसाठी लेखी आधार दिल्याशिवाय तिकडे वळू नये.

पायरी ५ : मेमरीचा वेग आणि मांडणी तपासा

नव्या सर्व्हरांमध्ये सर्वाधिक नुकसान मेमरीच्या चुकीच्या मांडणीमुळे होते. एपिक ९००५ मध्ये प्रत्येक प्रोसेसरला मेमरीच्या १२ वाहिन्या आहेत. डीडीआर५-६००० मेमरी लावल्यास प्रत्येक वाहिनीतून सेकंदाला ४८ जीबी, म्हणजे एकूण ५७६ जीबी माहिती सैद्धांतिकदृष्ट्या वाहू शकते. हाच वेग १२८ कोअरमध्ये वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला ४.५ जीबी येतात आणि ३२ कोअरमध्ये वाटला तर १८ जीबी. दुसऱ्या पायरीत काम मेमरीवर अडलेले आढळले असेल, तर जादा कोअर त्याच नळावर आणखी घागरी लावण्यासारखे ठरतात.

म्हणून बारा वाहिन्यांपैकी एकही रिकामी ठेवू नये आणि सर्व मॉड्यूल एकाच क्षमतेची असावीत. पुरवठादार किंमत खाली आणण्यासाठी मोठी आठ मॉड्यूल सुचवतात. एकूण जीबी तेवढेच दिसतात, पण वेगाचा एक तृतीयांश भाग गेलेला असतो. प्रत्येक वाहिनीवर दोन मॉड्यूल लावल्यास बहुतेक बोर्डांवर मेमरीची गती उतरते, त्यामुळे पुढे मेमरी वाढवू असे म्हणून अर्धी खरेदी करण्याचा मार्गही फारसा चांगला नाही. इंटेलच्या झिऑन ६९०० पी मालिकेत एमआरडीआयएमएम प्रकारची ८,८०० वेगाची मेमरी चालते, आणि तेव्हा बारा वाहिन्यांचा सैद्धांतिक वेग सेकंदाला सुमारे ८४५ जीबी होतो. मेमरीवर अडलेल्या कामांसाठी हा पर्याय तपासावाच.

एचपीसीसाठी प्रत्येक कोअरमागे ४ ते ८ जीबी मेमरी ही सुरुवात म्हणून ठीक असते, पण अंतिम आकडा मोजमापातूनच यावा. मेमरी ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणारी) असलीच पाहिजे. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये स्वतःची चूक-दुरुस्ती असते, मात्र ती चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या मार्गाचे रक्षण करत नाही, त्यामुळे ती पूर्ण ईसीसीची जागा घेत नाही.

पायरी ६ : जीपीयू खरोखर लागतो का ते पाहा

आपला प्रोग्राम जीपीयूवर (असंख्य गणिते एकाच वेळी करणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरवर) चालतो का, आणि त्याचा नेमका कोणता भाग चालतो, हे आधी विचारावे. काही पॅकेजेसमध्ये एखादाच सोल्व्हर (समीकरणे सोडवणारा भाग) जीपीयूवर जातो आणि उरलेला वेळ प्रोसेसरच घेतो. त्यानंतर आकड्यांच्या अचूकतेकडे वळावे. अभियांत्रिकी गणितांना बहुधा ६४ बिटांची अचूकता लागते, तर कृत्रिम बुद्धिमत्तेला १६ किंवा ८ बिटही पुरतात. एनव्हिडिया एच१०० या जीपीयूच्या एसएक्सएम (थेट बोर्डावर बसणाऱ्या) आवृत्तीत ६४ बिटांचा वेग ३४ टेराफ्लॉप आहे, आणि ग्राफिक्स व प्रारूप-वापरासाठी लोकप्रिय असलेल्या एल४०एस मध्ये तो दीडच्याही आत राहतो. नवे जीपीयू कमी बिटांच्या दिशेने झुकत चालले आहेत, त्यामुळे नवी पिढी म्हणजे आपल्या गणितासाठी अधिक वेगवान पिढी, हे गृहीत धरता येत नाही.

भाषा-प्रारूपांसाठी जीपीयूच्या मेमरीचा हिशेब आधी करावा. ७० अब्ज पॅरामीटरचे प्रारूप १६ बिटांत ठेवले तर फक्त त्याच्या भारांकांनाच, म्हणजे या पॅरामीटरच्या किमतींनाच, १४० जीबी लागतात. एच१०० मधील ८० जीबीत ते मावत नाही. एच२०० मधील १४१ जीबीत मावते, पण प्रत्यक्ष काम करायला जागा उरत नाही. एएमडीच्या एमआय३००एक्स मधील १९२ जीबीत ते काम करण्याइतक्या जागेसह बसते. अर्थात ८ किंवा ४ बिटांत आणलेले प्रारूप स्वीकारार्ह असेल तर हे गणितच बदलते. एएमडीचा आरओसीएम हा जीपीयूसाठीचा सॉफ्टवेअर संच बराच सुधारला असला तरी एनव्हिडियाच्या कुडा संचावर बेतलेले जुने सॉफ्टवेअर त्यावर चालवून पाहिल्याखेरीज मागणी नोंदवू नये.

पायरी ७ : नेटवर्क आणि साठवण

एका सर्व्हरमध्ये मावणाऱ्या कामांसाठी २५ किंवा १०० गिगाबिटचे इथरनेट पुरते. अनेक नोडवर (क्लस्टरमधील सर्व्हरवर) पसरणाऱ्या कामांसाठी मात्र वेगापेक्षा विलंब महत्त्वाचा असतो. इन्फिनिबँडमध्ये तो एक-दोन मायक्रोसेकंदांच्या घरात असतो, तर साध्या टीसीपी (नेहमीच्या इंटरनेट-पद्धतीच्या) मार्गाने तो दहा-वीस मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त होतो. आरओसीई (एका यंत्राच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट माहिती नेणाऱ्या) पद्धतीने इथरनेटवरही विलंब बराच खाली आणता येतो, फक्त स्विचची मांडणी जाणकाराने करावी लागते. व्यवस्थापनाचे जाळे नेहमी वेगळे ठेवावे.

साठवणीचे तीन भाग करावेत : चालू गणनेसाठी एनव्हीएमई (वेगवान सॉलिड-स्टेट) डिस्कवरची तात्पुरती जागा, वापरकर्त्यांच्या फायलींसाठी सुरक्षित जागा, आणि स्वतंत्र ठिकाणचा बॅकअप. लस्टर किंवा बीजीएफएससारखी समांतर फाइल प्रणाली मोठ्या फायलींवर उत्तम चालते, पण लाखो बारीक फायली तिला जेरीस आणतात. रेड (एखादी डिस्क बिघडली तरी चालावे म्हणून माहिती अनेक डिस्कवर ठेवण्याची पद्धत) हा बॅकअप नव्हे.

पायरी ८ : वीज, थंडावा आणि जमीन

यंत्र ठेवायची जागा तयार नसताना यंत्र येऊन पडण्याचे प्रसंग दुर्मीळ नाहीत. ५०० वॅटचे दोन प्रोसेसर, २४ मेमरी मॉड्यूल, डिस्क आणि पंखे धरले तर जीपीयू नसलेला एकच सर्व्हर दीड किलोवॅटच्या आसपास जातो. आठ जीपीयूंच्या एनव्हिडिया डीजीएक्स एच१०० या यंत्राची कमाल वीज १०.२ किलोवॅट आणि वजन सुमारे १३० किलो आहे. वापरलेल्या विजेची जवळपास सगळी उष्णता होते, आणि ३.५१७ किलोवॅट उष्णता काढायला १ टन क्षमतेचा थंडावा लागतो. म्हणजे या एका यंत्रासाठी सुमारे २.९ टन, तेही अखंड चालणारे आणि एक संच बंद पडला तरी पुरणारे. अशी चार यंत्रे एका रॅकमध्ये ठेवायची ठरली तर रॅकचे आणि त्यातील इतर सामग्रीचे वजन जमिनीला पेलते का, याचे उत्तर इमारतीच्या अभियंत्याकडून लेखी घ्यावे.

दोन स्वतंत्र वीजमार्ग दिले की जोखीम संपली, असा एक समज आढळतो. प्रत्येक मार्गावर ६० टक्के भार असेल, तर एक मार्ग बंद पडताच दुसऱ्यावर १२० टक्के भार येतो आणि तोही तुटतो. म्हणून नेहमीच्या चालीत प्रत्येक मार्गावर ४० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा. यूपीएसवर सर्व्हर आहेत पण थंडाव्याची यंत्रणा नाही, अशी मांडणी दाट रॅकमध्ये काही मिनिटांतच तापमान धोक्याच्या पातळीवर नेते.

सर्व्हरमध्ये जाणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस असावे, ही अॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. रॅकचा भार २० ते ३० किलोवॅटच्या पुढे जाऊ लागला की केवळ हवेवर भागवणे अवघड होते. तेव्हा रॅकच्या मागच्या दारात बसवलेला उष्णता-विनिमयक हा जुन्या खोलीसाठी सोपा पर्याय असतो; प्रोसेसर आणि जीपीयूवर थेट द्रव फिरवणारी यंत्रणा अधिक कार्यक्षम असते, मात्र द्रवाची गुणवत्ता, गळतीचे सेन्सर आणि दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे करारात स्पष्ट लिहिलेले असावे.

पायरी ९ : मागणीपत्रक आणि सॉफ्टवेअर

मागणीपत्रकात मॉडेलच्या क्रमांकांऐवजी निकाल लिहावा : आमचे हे काम, या माहितीसह, इतक्या वेळात, इतक्या विजेत. पुरवठादाराला आपला खरा प्रोग्राम द्यावा आणि त्याचा निकाल कोटेशनसोबत मागावा. डेलचे आयड्रॅक, एचपीईचे आयएलओ किंवा लेनोव्होचे एक्सक्लॅरिटी या दुरून सर्व्हर सांभाळण्याच्या साधनांतील दूरस्थ स्क्रीनसारख्या सोयींना वेगळे लायसन्स लागते का, ते विचारावे. काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये एपिक प्रोसेसर सुरक्षेच्या कारणाने त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधला जातो आणि मग तो दुसरीकडे वापरता येत नाही, हेही आधीच जाणून घ्यावे. गोपनीय माहिती असेल तर वॉरंटीत बिघडलेली डिस्क आपल्याकडेच ठेवण्याची मुभा मागावी.

सॉफ्टवेअरचा पाया फार अवघड राहिलेला नाही. सेंटओएस ७ या लिनक्स आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, त्यामुळे रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्स, कामांच्या रांगेसाठी स्लर्म, कंटेनरसाठी (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व काही एकत्र बांधण्यासाठी) अॅपटेनर आणि प्रोग्राम बांधण्यासाठी स्पॅक अशी जुळणी करता येते. रांगेचे नियम मात्र पहिल्या दिवसापासून लावावेत, कारण नंतर लावलेले नियम वापरकर्त्यांना शिक्षेसारखे वाटतात.

पायरी १० : स्वीकृती चाचणी

पैसे देण्याआधी सर्व नोडवर लिनपॅक सलग २४ तास चालवावे, प्रत्येक नोडवर स्ट्रीम चाचणीने मेमरीचा वेग मोजावा, फिओ आणि आयओआरने साठवण तपासावी, आणि नोडच्या प्रत्येक जोडीमधील विलंब मोजावा. एकूण सरासरीपेक्षा नोडनोडमधला फरक अधिक बोलका असतो. सारख्याच वीस नोडमधला एखादा ५ टक्क्यांनी मागे पडत असेल तर मॉड्यूल नीट न बसणे, थर्मल पेस्ट कमी असणे किंवा बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) मांडणी वेगळी असणे, यांपैकी काहीतरी बहुधा सापडते. एपिकवर प्रोसेसरचे चार न्यूमा भाग (प्रत्येकाची जवळची मेमरी वेगळी असलेले) करणे आणि एकाच कोअरवर दोन धागे (कामाचे प्रवाह) चालवण्याची सोय बंद करणे, या दोन्ही बदलांचा परिणाम आपल्या प्रोग्रामवर मोजून मगच बायोसची अंतिम मांडणी ठरवावी. पूर्ण भार चालू असताना प्रत्येक सर्व्हरचा एक वीजपुरवठा संच बाहेर काढून पाहावा. ही चाचणी पुरवठादाराच्या उपस्थितीतच करावी आणि तसा उल्लेख करारात ठेवावा.

या सर्व चाचण्यांचे आकडे, बायोस व फर्मवेअरच्या आवृत्त्या आणि त्या वेळचे खोलीचे तापमान एकत्र जपून ठेवावे. पुढे फर्मवेअर बदलले, मेमरी बदलली किंवा यंत्र संथ झाल्याची तक्रार आली, की त्याच चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा चालवाव्यात आणि तुलना या मूळ आकड्यांशी करावी.